चतकोर खरी, पण कोणत्या भाकरीची?

वाचकाचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या ३९ वर्षांच्या असून दहावीत गणितात नापास झाल्यावर त्यांचे शिक्षण थांबले. घरी कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती आहे. बचत गटाच्या कामातून पुढे येत दोन वर्षांपूर्वी त्या परिसरातील शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून आल्या. ही कंपनी सभासदांकडून तूर घेऊन तिची डाळ तयार करते. गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पडद्यावर खर्चाची दोन रंगीत वर्तुळे आणि भावाचे खांब दाखवण्यात आले, ‘वाहतुकीचा खर्च वीस टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांवर आला’ असे सांगताच टाळ्या झाल्या आणि नंतर अहवालावर संचालकांच्या सह्या घेण्यात आल्या. त्या लिहितात, “मले त्यातलं काहीच समजलं नाही. पण सारेच मान डोलवत होते, म्हणून मीही डोलवली अन् सही केली.” त्यांची मुलगी यंदा दहावीत असून शाळेत वृत्तालेख, म्हणजे वाटे दाखवणारी अशीच वर्तुळे, बिनचूक काढते, पण अहवालाचे पान दाखवल्यावर ती म्हणाली, “आई, यात सोडवायला तर काही दिलंच नाही.” कंपनीचे काम पाहणारा तरुण त्यांच्याच गावचा, शिकलेला आणि सचोटीचा आहे, तो त्यांना काकू म्हणतो. प्रश्न विचारला तर काकूंचा आपल्यावर भरवसा नाही असे त्याला वाटेल, आणि न विचारता पुन्हा सही केली तर आपलेच मन आपल्याला खाईल, अशा कात्रीत त्या सापडल्या आहेत. पोळ्यानंतर पुढची सभा आहे. एखाद्या शिकलेल्या माणसासाठी जागा सोडून राजीनामा द्यावा का, असे त्यांनी विचारले आहे. पत्रासोबत अहवालाच्या काही पानांचे फोटोही त्यांनी पाठवले आहेत.

उत्तर

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ‘सारेच मान डोलवत होते’ या वाक्यापाशी अडखळले. ज्यांनी मान डोलवली त्यांना ते चित्र समजले होते, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. तुम्ही इतरांकडे पाहून मान डोलवली. तुमच्या मागे बसलेल्या बाईने तुमच्याकडे, म्हणजे संचालक असलेल्या ताईंकडे पाहून डोलवली नसेल कशावरून? फोटोतल्या वर्तुळात सहा रंग आहेत, प्रत्येक रंगाचा अर्थ कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिला आहे, आणि समाजमंदिराच्या पडद्यावर ती अक्षरे तिसऱ्या रांगेच्या पुढे पोहोचली असतील असे मला वाटत नाही. अशा वेळी माणसे चित्र वाचत नाहीत, सांगणाऱ्याचा सूर ऐकतात आणि सूर आनंदाचा असला की टाळ्या वाजवतात. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही, परंतु सभेत अडाणी एकट्या तुम्हीच होता हा समज मात्र तुम्ही मनातून काढून टाकावा.

दुसरा समज गणिताचा आहे. वर्तुळाच्या पाकळ्या पाहून नेमका अंदाज येत नाही म्हणून तुम्ही स्वतःला कच्च्या ठरवले आहे. १९८४ साली विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकेतील दोन संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवून दिले की एकाच पायावर उभ्या असलेल्या खांबांची उंची माणसाचा डोळा जितकी नेमकी ताडतो, तितके नेमके कोन त्याला ताडता येत नाहीत. हे शिकलेल्या-न शिकलेल्या सर्वांना सारखेच लागू आहे. दोन वेगळ्या वर्तुळांतील, वेगळ्या दिशांना वळलेल्या दोन पाकळ्यांपैकी मोठी कोणती हे सांगताना प्राध्यापकही चुकतो, फक्त तो तसे कबूल करत नाही. त्यामुळे चित्र पाहून तुम्हाला काही कळले नाही, तर ते चित्रच न कळण्यासारखे काढले गेले आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आता तुमच्या मुलीच्या बोलण्याकडे येते, कारण तुमच्या साऱ्या अडचणीचे मूळ तिने एका वाक्यात सांगितले आहे. दहावीच्या गणितात वृत्तालेखाचे जे उदाहरण येते, त्यात एकूण रक्कम बहुधा दिलेली असते: एकूण खर्च इतका, त्यापैकी खतांवर इतका, तर केंद्रीय कोन काढा. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे, म्हणून प्रत्येक टक्क्याला ३.६ अंश, २० टक्क्यांना ७२ अंश, १५ टक्क्यांना ५४. हे तिला पाठ आहे. तुमच्या अहवालातील चित्रात मात्र एकूण रक्कमच लिहिलेली नाही. वर्तुळ आहे, टक्के आहेत, रंग आहेत. हे सारे टक्के कशाचे, ते नाही. तेव्हा मुलीला ‘सोडवायला काही दिलेच नाही’ असे वाटले ते अगदी बरोबर होते, आणि तुम्हाला काही समजले नाही तेही त्याच कारणाने.

तुम्ही रोज भाकर मोडता. अर्धी, चतकोर, नितकोर हे शब्द तुमच्या जिभेवर आहेत, आणि वृत्तालेखाची भाषा याहून फार वेगळी नाही: अर्धी म्हणजे ५० टक्के, चतकोर म्हणजे २५, नितकोर म्हणजे साडेबारा. पण लेकराला चतकोर भाकर वाढली असे कोणी सांगितले, तर ती मोठ्या तव्यावरच्या भाकरीची की मुलांसाठी थापलेल्या लहान भाकरीची, हे विचारल्याशिवाय त्याचे पोट भरले की नाही हे तुम्ही सांगू शकणार नाही. मोठ्या भाकरीची नितकोर ही लहान भाकरीच्या चतकोरीपेक्षाही जास्त भरू शकते. तुमच्या अहवालात दोन्ही वर्षांची वर्तुळे एकाच आकाराची काढली आहेत, जणू दोन्ही भाकरी सारख्याच होत्या. त्या सारख्या नव्हत्या. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत, आतल्या पानावरच्या तक्त्यात, दोन्ही वर्षांचा एकूण खर्च आणि हाताळलेल्या तुरीचे क्विंटल दिलेले आहेत. तुमची ओळख उघड होऊ नये म्हणून ते आकडे मी बदलून आणि सोपे करून येथे मांडते. त्यांचा परस्परांशी असलेला मेळ मात्र तोच ठेवला आहे.

आदल्या वर्षी एकूण खर्च ८ लाख रुपये होता आणि त्यात वाहतूक २० टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार रुपये. अहवालाच्या वर्षी एकूण खर्च १२ लाख झाला आणि वाहतूक १५ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. पाकळी बारीक झाली, पण ट्रकवाल्याला गेलेले पैसे २० हजारांनी वाढले. ‘वाहतुकीचा खर्च कमी झाला’ हे सभेतले वाक्य रुपयांच्या हिशेबाने चुकीचे होते. कमी झाला तो एकूण खर्चातला वाहतुकीचा वाटा.

येथेच थांबून त्या तरुणाला जाब विचारायला निघाला असाल, तर क्षणभर थांबा. आदल्या वर्षी कंपनीने ८०० क्विंटल तूर हाताळली आणि अहवालाच्या वर्षी १,२०० क्विंटल. क्विंटलमागे वाहतूक पाहिली, तर ती आदल्या वर्षी २०० रुपये पडली आणि नंतर १५० रुपये. म्हणजे तुमच्या कंपनीने वाहतुकीत खरोखरच बचत केली आहे, कदाचित गाड्या पूर्ण भरून पाठवल्या म्हणून, कदाचित जवळचा खरेदीदार मिळाला म्हणून. टाळ्या योग्य कामासाठीच वाजल्या; फक्त ज्या चित्राकडे पाहून त्या वाजल्या, त्या चित्रातून ही गोष्ट सिद्ध होत नव्हती. एकाच खर्चाबद्दल ‘वाटा घटला’, ‘रक्कम वाढली’ आणि ‘क्विंटलमागे खर्च घटला’ ही तीनही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. यांपैकी कोणते विधान आपल्या कामाचे आहे, ते आधी ठरवावे लागते. डाळ करणाऱ्या कंपनीच्या संचालकाला सर्वांत उपयोगी पडते ते क्विंटलमागचे.

याच कसोटीवर मी तुमच्या वर्तुळातल्या सर्व पाकळ्या तपासल्या, आणि एका पाकळीपाशी माझे बोट थांबले. वर्तुळाच्या मागच्या अंगाला करड्या रंगाची एक पाकळी आहे, तिच्यावर ‘इतर’ असे लिहिले आहे. आदल्या वर्षी ती ८ टक्क्यांची होती, नंतर १४ टक्क्यांची झाली. ८ लाखांचे ८ टक्के म्हणजे ६४ हजार. १२ लाखांचे १४ टक्के म्हणजे १ लाख ६८ हजार. क्विंटलमागे ८० रुपयांवरून १४० रुपये. वाहतुकीत क्विंटलमागे ५० रुपये वाचले, पण येथे क्विंटलमागे ६० रुपये वाढले, आणि त्यावर सभेत एक शब्दही झाला नाही, कारण तो रंग डोळ्यांत भरणारा नव्हता. यामागे गैरव्यवहार आहे असे मी चुकूनही सुचवत नाही. गोदामाचे भाडे, मालाचा विमा, यंत्राची दुरुस्ती, बँकेचे शुल्क, परवान्याचे नूतनीकरण अशा कितीतरी रास्त गोष्टी ‘इतर’मध्ये बसतात, आणि वाढत्या कंपनीत त्या वाढतातही. पण ज्या पाकळीचे नाव ‘इतर’ आहे ती जेव्हा सर्वांत झपाट्याने फुगते, तेव्हा तिच्या पोटात काय आहे हे विचारणे संचालकाचे कामच आहे. वृत्तालेख वाचणाऱ्या प्रत्येकाला माझे हेच सांगणे असते की मोठ्या पाकळीकडे सगळ्यांचे लक्ष आपोआप जाते, म्हणून तुम्ही आधी ‘इतर’कडे पाहावे.

तुमचे वर्तुळ जाड ताटलीसारखे तिरपे काढलेले आहे, तेही सांगून ठेवते. संगणकावर अशी उठावदार चित्रे एका बटणावर निघतात आणि दिसायलाही छान दिसतात, परंतु तिरपे केल्यामुळे पुढच्या बाजूची पाकळी आहे त्याहून मोठी आणि मागची आहे त्याहून लहान भासते. ‘इतर’ मागे होती. ती मुद्दाम मागे ठेवली असे नसणार, संगणक आपल्या क्रमाने पाकळ्या लावतो. तरीही परिणाम व्हायचा तो झाला. पुढच्या अहवालात वर्तुळ सपाट असावे आणि प्रत्येक पाकळीवर टक्क्यांसोबत रुपयेही लिहावेत, एवढी सूचना तुम्ही करू शकता.

आता खांबांकडे वळू. तिसऱ्या फोटोत सभासदांना मिळालेल्या तुरीच्या भावाचे दोन खांब आहेत आणि दुसरा खांब पहिल्याच्या दुपटीहून उंच दिसतो. ‘भाव दुप्पट झाला असे वाटले, पण आमच्या हातात तर तेवढे पडले नाही,’ असे तुम्ही लिहिले आहे. तुमचा हात बरोबर सांगत होता. बाजार समितीत माल मोजायला ठेवण्याआधी तुमच्या घरचे लोक पहिल्यांदा काय पाहतात? काटा शून्यावर आहे की नाही. काट्यावर आधीच काही किलो दिसत असतील, तर पुढचे सारे वजन व्यर्थ, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळते. स्तंभालेखाचे, म्हणजे खांबांच्या चित्राचेही अगदी तसेच असते. खांबाची उंची हेच त्याचे बोलणे असल्यामुळे तो शून्यावरून उभा राहिला पाहिजे. तुमच्या अहवालातले खांब शून्यावरून नव्हे, तर मधूनच उभे केलेले आहेत. डाव्या बाजूच्या उभ्या रेषेवरचा सर्वांत खालचा आकडा वाचलात तर ते लगेच ध्यानात येईल.

हे किती फसवे असते ते सर्वांना ठाऊक असलेल्या आकड्यांवर दाखवते. केंद्र सरकारने तुरीचा हमीभाव २०२३-२४ साठी क्विंटलला ७,००० रुपये आणि २०२४-२५ साठी ७,५५० रुपये जाहीर केला होता. वाढ ५५० रुपयांची, म्हणजे ८ टक्क्यांहून थोडी कमी. आता मुलीच्या आलेख-वहीत १ सेंटिमीटरला १,००० रुपये असे प्रमाण धरून शून्यापासून खांब काढले, तर एक ७ सेंटिमीटरचा होईल आणि दुसरा ७.५५ सेंटिमीटरचा; वाढ दिसेल, पण जेवढी आहे तेवढीच. तेच खांब ६,५०० रुपयांपासून उभे केले आणि १ सेंटिमीटरला १०० रुपये धरले, तर पहिला ५ सेंटिमीटरचा आणि दुसरा साडेदहा सेंटिमीटरचा होतो. आकडे तेच आहेत, एकही खोटा नाही, तरीही पाहणाऱ्याला भाव दुपटीहून वाढल्यासारखा वाटतो. बरेचदा हा प्रकार कोणी जाणूनबुजून करत नाही. कित्येकदा संगणकाचे सॉफ्टवेअर जागा वाचवण्यासाठी आपणहून खालचा भाग कापून टाकते आणि करणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. म्हणून तुमच्या गावच्या त्या मुलाविषयी मत बनवण्याची घाई करू नये.

खांबांच्या जागी तुरीच्या पोत्यांची चित्रे काढण्याचीही पद्धत आहे, आणि तिच्यात आणखी एक खोच असते. खरेदी दुप्पट झाली म्हणून पोते दुप्पट उंच काढले की ते रुंदीलाही दुप्पट होते आणि कागदावरची त्याची जागा चौपट होते. डोळा उंची पाहत नाही, भरलेली जागा पाहतो. पोती दाखवायचीच असतील तर सारख्या आकाराची दाखवावीत आणि त्यांची संख्या वाढवावी.

ही चित्रे मुळात कशासाठी निघाली तेही थोडक्यात सांगते, कारण त्यामुळे त्यांची भीती कमी व्हावी. विल्यम प्लेफेअर या स्कॉटलंडच्या गृहस्थाने १७८६ साली व्यापारावरच्या आपल्या पुस्तकात स्तंभालेख छापला. इंग्लंडच्या व्यापाराची अनेक वर्षांची माहिती त्याच्याकडे होती, पण स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीची एकाच वर्षाची होती, त्यामुळे वर्षागणिक चढउतार दाखवता येईना. मग त्याने स्कॉटलंड ज्यांच्याशी व्यापार करी त्या प्रत्येक देशासाठी आयात-निर्यातीच्या पट्ट्या काढल्या. वृत्तालेख त्यानेच १८०१ साली छापला. म्हणजे हाताशी असलेली तोकडी माहिती लोकांना झटकन दिसावी म्हणून हा खटाटोप झाला. तुमच्यासारख्या सभासदासमोर हिशेब उघडा व्हावा, हेच या चित्रांचे काम आहे, आणि ज्या सभासदाला ते समजले नाही त्याने विचारणे हा त्या कामाचाच भाग आहे.

यावरून तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. राजीनामा देऊ नका. तुमच्या जागी एखादा पदवीधर आला, तर त्याला चित्र समजेलच याची खात्री नाही, आणि न समजल्याचे तो पत्र लिहून कळवील याची तर मुळीच नाही. भाव दुप्पट दिसतो पण हातात तेवढा पडला नाही, ही विसंगती तुम्ही पकडलीत. हिशेब वाचण्यातला सर्वांत अवघड भाग तोच असतो, उरलेला गुणाकार-भागाकार आहे आणि तो करायला घरात दहावीची मुलगी आहे.

प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास, असे तुम्ही समजता. या समजामुळेच आपल्या गावांतून कित्येक बचत गटांचे आणि संस्थांचे हिशेब वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या डोक्यात राहतात, आणि तो माणूस प्रामाणिक असला तरी एक दिवस त्याच्यावरच बालंट येते. कंपनी अडचणीत आली तर लोक त्या मुलाला विचारतील, ‘तू काय दाखवलेस?’ आणि तुम्हाला विचारतील, ‘तुम्ही सही कशावर केलीत?’ तुम्ही वेळेवर विचारलेला प्रश्न तुम्हा दोघांनाही सांभाळून घेईल. शिवाय एक गोष्ट ध्यानात ठेवावी: लेखापरीक्षक तपासून सही करतो ती ताळेबंदावर आणि नफा-तोटा पत्रकावर, पडद्यावरची रंगीत चित्रे तो तपासत नाही. ती कार्यालयात कोणीतरी सभेच्या आदल्या रात्री घाईने तयार केलेली असतात. म्हणून चित्र आणि ताळेबंद यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहणारे शेवटचे डोळे संचालकांचेच आहेत.

विचारायचे कुठे, यावर मी बराच विचार केला. भर सभेत विचारण्याचा तुमचा हक्क निर्विवाद आहे, परंतु तयारी नसताना शंभर लोकांसमोर प्रश्न आला तर कोणीही गडबडतो, आणि मग उत्तराऐवजी रागलोभ सुरू होतात. त्याच्या घरी जाऊन एकटीने विचारणे सर्वांत सौम्य आहे, आणि नात्याच्या दृष्टीने तुम्हाला तेच सोपे वाटेल. पण त्यात एक उणीव राहते. उत्तर फक्त तुम्हाला मिळते, बाकीच्या संचालक बायका पूर्वीसारख्याच मान डोलवत राहतात, आणि पुढच्या वर्षी तोच कापलेला खांब पुन्हा पडद्यावर येतो. मला वाटते, आधी त्याला एकट्याला गाठून, ‘बाबू, बैठकीत मी या दोन गोष्टी विचारणार आहे, आकडे काढून ठेव,’ एवढे सांगावे, आणि मग सर्वसाधारण सभेच्या आधी होणाऱ्या संचालक मंडळाच्या बैठकीत तो विषय रीतसर मांडावा. त्याला तयारीला वेळ मिळेल, मान राहील, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदले जाईल. उत्पादक कंपनीच्या वार्षिक सभेची लेखी नोटीस किमान १४ दिवस आधी द्यावी लागते आणि तिच्यासोबत लेखापरीक्षित ताळेबंद व नफा-तोटा पत्रकही द्यावे लागते. तेव्हा कागद मागताना संकोच करू नका, ते तुमच्या हाती यायलाच हवेत.

विचारताना शब्द साधे ठेवा. “हे पूर्ण वर्तुळ म्हणजे किती रुपये?” हा पहिला प्रश्न. त्यानंतर “गेल्या वर्षीचे पूर्ण वर्तुळ किती रुपयांचे होते, आणि दोन्ही वर्षी माल किती क्विंटल होता?” मग “इतरमध्ये काय काय आहे, त्याची यादी द्याल का?” आणि खांबांसाठी एवढेच, “हे खांब शून्यापासून उभे आहेत का?” यांपैकी एकाही प्रश्नात आरोप नाही, आणि एकाचेही उत्तर ‘तुम्हाला समजणार नाही’ असे देता येत नाही. तसे उत्तर कोणी दिलेच, तर मात्र ‘समजेपर्यंत मी सही करणार नाही’ हे वाक्य शांतपणे उच्चारण्याचा अधिकार तुमच्या पदातच आहे.

बैठकीपूर्वीच्या दिवसांत एक सराव करावा असे सुचवते. बांगडी कागदावर ठेवून दोन वर्तुळे काढा, मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या आणि घरच्या मागच्या दोन हंगामांचा खर्च त्यांत बसवा: बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी, गाडीभाडे. दोन्ही वर्तुळांखाली एकूण खर्च रुपयांत लिहा. मग तोच खर्च एकरी किती पडला, त्याचे खांब शून्यापासून काढा. कापसाच्या वेचणीची पाकळी बारीक झालेली दिसेल आणि मजुरी मात्र जास्त गेलेली असेल, किंवा उलटही असेल. स्वतःच्या शेताच्या आकड्यांवर हे एकदा डोळ्यांनी पाहिले की परक्या अहवालातही ते दिसू लागते. मुलीलाही त्याचा लाभ होईल. शाळेत वृत्तालेख काढायला शिकवतात, तो वाचायला शिकण्याची संधी घरातच मिळेल.

ज्यांचा कंपनीशी काही संबंध नाही, पण वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर रोज अशी चित्रे येतात, त्या वाचकांसाठी आपल्याच भागाचे एक उदाहरण देते. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांची २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लाख होती. तिचा वृत्तालेख काढला तर ४६,५३,५७० लोकसंख्येच्या नागपूर जिल्ह्याची पाकळी जवळपास ७३ अंशांची होते, आणि १०,७२,९४२ लोकसंख्येच्या गडचिरोलीची जेमतेम १७ अंशांची. विदर्भाच्या सर्व जिल्ह्यांत ती सर्वांत लहान. आता लोकसंख्येऐवजी क्षेत्रफळाचे वर्तुळ काढा. गडचिरोलीचे १४,४१२ चौरस किलोमीटर हे विदर्भात सर्वांत जास्त, म्हणून तिची पाकळी ५३ अंशांच्या आसपास जाते आणि नागपूरची आक्रसून ३७ अंशांवर येते. दोन्ही चित्रे खरी आहेत. निधी, दवाखाने किंवा एसटीच्या फेऱ्या कोणत्या वर्तुळाप्रमाणे वाटायच्या यावर उद्या कोणी तुमच्यासमोर चित्र धरले, तर हे वर्तुळ माणसांचे आहे की जमिनीचे, हे आधी पाहावे; दूरदूर विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत पोहोचायचे असेल तर माणसांचे वर्तुळ अपुरे पडते, आणि दवाखान्यातल्या खाटा मोजायच्या असतील तर जमिनीचे.

ताई, पोळ्याच्या गडबडीत नोटीस हाती आली, तर ती देव्हाऱ्याशेजारी ठेवून देऊ नका. त्याच संध्याकाळी मुलीला घेऊन बसा, ताळेबंदातला एकूण खर्च शोधा आणि तिच्या वहीत उतरवून घ्या. आणि या वेळी सही कराल तेव्हा अहवालाच्या तुमच्या प्रतीवर, त्या वर्तुळाखाली, एकूण रुपये आणि एकूण क्विंटल तुमच्याच अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीचे वर्तुळ समोर आले की शेजारी धरायला ते तयार असेल.